खुले विश्व आणि अपेक्षाभंग : ‘ऑब्लिव्हियन’च्या निमित्ताने

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कॉन्स्टान्झ विद्यापीठातील आपल्या व्याख्यानात ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली, तेव्हा अपेक्षाभंगाला त्यांनी साहित्यमूल्याचे एक गमक मानले होते. वाचकाच्या रूढ अपेक्षा तंतोतंत पुरवणारी कृती रंजनाच्या पातळीवर राहते. त्यांना छेद देणारी कृती त्याचे क्षितिज रुंदावते, असा त्या मांडणीचा आशय होता. परंतु अपेक्षाभंगाचा प्रत्येक अनुभव असा फलदायी असतो काय? एखाद्या कृतीने केलेली निराशा ही आस्वादकाची मर्यादा आणि कृतीचा दोष यांपैकी नेमके काय दर्शवते, हे कोणत्या निकषावर ठरवायचे? हा प्रश्न साहित्याच्या संदर्भात नवा नाही. परंतु व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात तो विशेष ठळकपणे उभा राहतो. कारण तेथे आस्वादक केवळ ग्रहण करीत नाही, तर कृतीही करतो.

बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकन निर्मितिसंस्थेचा ‘द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन’ हा अद्भुतरम्य रोल-प्लेइंग गेम मार्च २००६ मध्ये प्रकाशित झाला. ‘एरिना’ (१९९४), ‘डॅगरफॉल’ (१९९६) आणि ‘मोरोविंड’ (२००२) हे या मालिकेतील आधीचे प्रमुख टप्पे. खेळाडूने वाटेल त्या दिशेने जावे, वाटेल ते काम हाती घ्यावे किंवा टाळावे, ही ओपन-वर्ल्ड प्रकाराची प्रतिज्ञा या मालिकेने सुरुवातीपासून केली होती. ‘ऑब्लिव्हियन’ला मोठे व्यावसायिक यश मिळाले आणि समीक्षकांनीही त्याची वाखाणणी केली. तरीही मालिकेशी दीर्घ परिचय असलेल्या खेळाडूंच्या एका वर्गात तीव्र निराशेची भावना निर्माण झाली आणि ती अनेक वर्षे टिकली.

या निराशेची कारणे एकजिनसी नाहीत. शेकडो पात्रांना मोजक्याच नटांचे आवाज लाभल्याने निर्माण होणारा एकसुरीपणा, घोड्याचे चिलखत वेगळी किंमत लावून विकण्याचा निर्मात्यांचा निर्णय, या तक्रारी खऱ्या असल्या तरी आनुषंगिक आहेत. सिरोडिल या प्रदेशाविषयीची तक्रार थोडी वेगळी. १९९८ सालच्या ‘रेडगार्ड’ या गेमसोबतच्या पुस्तिकेत तो घनदाट अरण्यांचा प्रदेश म्हणून वर्णिला होता. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये मात्र तेथे समशीतोष्ण कटिबंधातील परिचित वनराई दिसते. पण येथे भंगलेली अपेक्षा कृतीबाहेरच्या मजकुराने घडवलेली आहे. याउस यांच्या परिभाषेत बोलायचे तर ती आधीच्या क्षितिजाशी निगडित आहे. कृतीला तिच्या आधारे दोषी ठरवणे योग्य होणार नाही.

खरा प्रश्न कृतीने स्वतःच जागवलेल्या आणि स्वतःच मोडलेल्या अपेक्षेचा आहे. ‘ऑब्लिव्हियन’मधील बहुतेक शत्रू आणि सापडणाऱ्या वस्तू खेळाडूच्या पात्राच्या पातळीनुसार ठरतात. पात्र दुर्बळ असेल तर गुहेतले दरोडेखोर दुर्बळ; ते बलवान झाले की तेच दरोडेखोर तितकेच बलवान. परिणामी, पुढच्या टप्प्यावर आडरस्त्याला गाठ पडणारा वाटमाऱ्या अत्यंत मौल्यवान काचेचे चिलखत घालून उभा असतो आणि मागतो मात्र शंभर सुवर्णमुद्रा. ते चिलखत विकले तर त्याला वाटमारी करण्याची गरजच उरणार नाही. शिवाय, पात्राची पातळी त्याने झोप घेतल्यावरच वाढते. शस्त्रविद्येऐवजी संभाषणकौशल्यासारख्या गुणांत प्रगती करून पातळी वाढली तर जग बलवान होते आणि पात्र लढण्यात मागेच राहते. म्हणून काही खेळाडू आपल्या नायकाला मुद्दाम झोपूच देत नाहीत. वाढ हे ज्या प्रकाराचे प्रमुख आकर्षण, त्यातच वाढ टाळणे शहाणपणाचे ठरावे, ही विसंगती वरवरची नाही.

काळाच्या बाबतीतही असेच घडते. क्वाच हे नगर राक्षसी आक्रमणात जळत आहे, सम्राटाच्या वारसाला तेथून सोडवणे तातडीचे आहे, असे कथा सांगते. पण खेळाडू महिनोन्‌महिने इतरत्र भटकला तरी क्वाच त्याच अवस्थेत जळत राहते. उशिरा गेल्यास बदल एवढाच, की तेथील शत्रू त्याच्या वाढलेल्या पातळीला साजेसे झालेले असतात. संकट नगराचे आहे, पण त्याचे मोजमाप नायकाच्या अंगावरून घेतलेले आहे.

हा दोष समजून घेण्यास अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी पहिली दोन उपयुक्त ठरतात. पहिले विघ्न संभावनाविरहाचे : जे घडते ते संभवनीयच न वाटल्यास चित्त त्यात विश्रांत होत नाही. येथे एक खुलासा आवश्यक आहे. संभवनीयता म्हणजे वास्तवसादृश्य नव्हे. राक्षसांची द्वारे उघडणे अद्भुतकथेत संभवनीयच आहे; काचेच्या चिलखतातला दरिद्री दरोडेखोर मात्र त्या अद्भुताच्या स्वतःच्या नियमांनुसारही असंभवनीय आहे. टॉल्किन यांनी परीकथेविषयीच्या निबंधात दुय्यम विश्वाच्या आंतरिक सुसंगतीचा जो आग्रह धरला, तो याच अर्थाचा.

दुसरे विघ्न अधिक मूलगामी आहे. अनुभव ‘माझा’ किंवा ‘अमुक दुसऱ्याचा’ अशा विशिष्ट देशकालाशी बांधला गेला की साधारणीकरण खुंटते. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये ही स्वगतता आस्वादकाच्या मनाची उणीव म्हणून येत नाही, ती कृतीच्या यंत्रणेतच बसवलेली आहे. प्रत्येक गुहा, प्रत्येक शत्रू, प्रत्येक पेटी खेळाडूकडे पाहूनच आकार घेते. जे जग सतत पाहणाऱ्याला साजेसे होत जाते, ते जग न राहता आरसा होते. आरशात कितीही दूर चालत गेले तरी प्रवास घडत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो, की रसविचार प्रेक्षकासाठी आहे आणि खेळाडू तर कर्ता आहे. त्याला स्वगततेवाचून गत्यंतर नाही. आक्षेप वजनदार आहे. परंतु कर्तेपणालाही प्रतिरोध लागतो. जे स्थळ आज अवघड म्हणून सोडावे लागले आणि पुढे सामर्थ्य कमावून जिंकता आले, तेच कर्तृत्वाची साक्ष देते. सगळीच स्थळे सर्वकाळ सारखीच अवघड असतील तर कृतीला अर्थ उरत नाही, केवळ हालचाल उरते. मर्ढेकरांनी लयतत्त्वाची उकल करताना संवाद आणि समतोल यांच्याबरोबर विरोधालाही स्थान दिले होते, हे या संदर्भात आठवावे. ‘ऑब्लिव्हियन’ने समतोल साधण्यासाठी विरोध पुसून टाकला.

दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. निराश खेळाडू ‘मोरोविंड’च्या आठवणीत रमलेले होते, असे म्हटले जाते. ‘मोरोविंड’ही निर्दोष नव्हता, ‘डॅगरफॉल’च्या अफाट विस्तारापुढे त्याचे बेट संकोचलेलेच होते आणि पातळीनुसार शत्रू बदलण्याची योजना मर्यादित प्रमाणात त्यातही होती. तथापि ‘मोरोविंड’चे जग नायकाची पर्वा न करणारे होते. वाट दाखवणारी खूण पडद्यावर नसे; लोकांनी सांगितलेल्या खाणाखुणांवरून ठिकाण शोधावे लागे. कथेला आवश्यक असलेले पात्रही मारता येई. भविष्यवाणीचा धागा तुटल्याची सूचना मिळे आणि परिणाम ज्याचे त्याने भोगायचे. खुद्द नायक हा नेरेवारचा अवतार आहे की अवतार ठरवला गेलेला एक सोयीचा माणूस, हा संशय कथेत सहेतुक जागा ठेवला होता. त्याच्याआधी अयशस्वी ठरलेल्यांची भेटही गुहेत घडवली होती. इझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतात, त्या येथे अर्थाच्याही होत्या आणि भूगोलाच्याही. ‘ऑब्लिव्हियन’ने होकायंत्रावरील खुणेने भूगोलाच्या रिक्त जागा भरल्या आणि महत्त्वाच्या पात्रांना अवध्य करून परिणामांच्या. म्हणून येथील तुलना भूतकाळाच्या गोडव्यातून आलेली नाही. मालिकेनेच सिद्ध केलेल्या शक्यतेशी ती केलेली आहे.

न्याय्यतेसाठी हेही नोंदवले पाहिजे, की याच गेममधील मारेकऱ्यांच्या संघाची कथामालिका किंवा एका चित्राच्या आत घडणारे साहस यांचे कौतुक निराश खेळाडूंनीही केले आहे. हे भाग रेखीव आणि बंदिस्त आहेत, म्हणजेच ‘खुलेपणा’ जेथे कमी तेथे कृती सरस ठरते. निराशा कसबाविषयी नव्हती, प्रतिज्ञेविषयी होती, याचा हा पुरावा मानता येईल.

या निराशेचे फलित काय? निर्मात्यांनीच उपलब्ध करून दिलेल्या संपादनसाधनांचा वापर करून खेळाडूंनी गेमची दुरुस्त रूपे रचली. त्यांपैकी ‘ऑस्क्युरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल’ हे रूप विशेष गाजले. त्याने अनेक स्थळांना आणि शत्रूंना त्यांची स्वतःची, खेळाडूनिरपेक्ष पातळी परत दिली. येथे समीक्षा आणि निर्मिती यांतील सीमारेषा पुसट होते. संहितेचा दोष दाखवून न थांबता आस्वादक ती संहिताच वेगळी लिहितो. एप्रिल २०२५ मध्ये निघालेल्या सुधारित आवृत्तीत पात्राच्या वाढीची पद्धत बदलण्यात आली, म्हणजे एका जुन्या तक्रारीची दखल घेतली गेली. जग मात्र मूळच्याप्रमाणेच खेळाडूशी जुळवून घेत राहिले.

अपेक्षाभंगाचे दोन प्रकार अशा रीतीने वेगळे करावे लागतात. एक, आस्वादकाचे क्षितिज कृती ओलांडते तेव्हाचा. दुसरा, कृती आस्वादकाच्याच क्षितिजात मिटून बसते तेव्हाचा. ‘ऑब्लिव्हियन’विषयीची निराशा दुसऱ्या प्रकारची आहे, आणि म्हणूनच ग्राहकाच्या तक्रारीहून ती अधिक काही आहे. खेळाडूला हवे होते ते अधिक स्वातंत्र्य नव्हते. त्याच्यावाचूनही जे असू शकेल, असे एक जग त्याला हवे होते. कादंबरीच्या वाचकाची मागणीही याहून फारशी निराळी नसते.