मुंबई उपनगरीय रेल्वेचा विस्तार व स्थानिक वाहतुकीशी तिचा सांधा : एक चिकित्सा

मुंबईच्या उपनगरीय रेल्वेच्या विस्ताराची चर्चा बहुतांशी तीन मापांनी होत आलेली आहे : मार्गाची लांबी, गाडीचे डबे आणि दिवसभरातील फेऱ्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर पहिल्या गाडीने कापले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली. पुढे गाड्या नऊ डब्यांच्या, मग बारा डब्यांच्या झाल्या आणि २००९ मध्ये पश्चिम, तर २०१२ मध्ये मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांच्या गाड्या आल्या. २०१३ मध्ये उपनगरीय सेवा विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत गेली. हा आलेख चढता आहे, यात शंका नाही. तथापि प्रवाशाचा प्रवास फलाटावर सुरू होत नाही आणि फलाटावर संपतही नाही. घर ते स्थानक आणि स्थानक ते कामाचे ठिकाण हे दोन तुकडे वरील तिन्ही मापांच्या बाहेर राहतात. विस्ताराची खरी परीक्षा या तुकड्यांतच होते, अशी भूमिका प्रस्तुत विवेचनात घेतली आहे.

रेल्वे आणि रस्त्यावरील वाहतूक यांचे नाते मुंबईत नवे नाही. विजेवर चालणारी ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली, तर बस १९२६ मध्ये, म्हणजे विजेच्या रेल्वेगाडीनंतर सुमारे दीड वर्षाने. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली. परंतु दादर पूर्वेचा परिसर आजही ‘दादर टी.टी.’ म्हणून ओळखला जातो. ही अक्षरे ‘ट्राम टर्मिनस’ची आहेत, हे तेथे रोज बस पकडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ट्रामचा शेवटचा थांबा रेल्वे स्थानकाजवळ होता ही गोष्ट मात्र बोलकी आहे. त्या काळीही रेल्वे एका कंपनीची व ट्राम दुसरीची होती. मालकी वेगळी असूनही शहराचा आकार लहान असल्याने सांधा आपसूक जुळत असे. शहर पसरले, तसा तो आपसूक जुळेनासा झाला.

हा सांधा निखळला की काय होते, याचे सर्वांत विदारक उदाहरण म्हणजे २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) व परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावरील चेंगराचेंगरी. सकाळची वेळ, पाऊस, जिन्यावर थबकलेली गर्दी आणि मागून येणारी आणखी गर्दी. त्यात २३ जणांचा मृत्यू झाला. येथे गाडी रुळांवरून घसरली नव्हती की सिग्नल चुकला नव्हता. रूढ अर्थाने तो रेल्वे अपघात नव्हताच. त्याची मुळे भोवतालच्या परिसराच्या बदलात होती. गिरणगावातील कामगार बहुधा चाळीतून पायीच गिरणीच्या फाटकाशी जात असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले आणि तेथे काम करणारा वर्ग कल्याण, विरार, पनवेल अशा दूरच्या ठिकाणांहून रेल्वेने येऊ लागला. कामाची जागा तीच राहिली, पण तेथे पोहोचण्याची रीत पूर्णतः पालटली. पूल मात्र जुनाच राहिला. नव्या, रुंद पुलाला मंजुरी मिळून काळ लोटला होता; प्रत्यक्ष पूल उभा राहिला तो दुर्घटनेनंतर, लष्कराच्या हातून, फेब्रुवारी २०१८ मध्ये.

या ठिकाणी एक साधा हिशेब मांडणे आवश्यक आहे. नऊ डब्यांची गाडी बारा डब्यांची झाली, की एका वेळी फलाटावर उतरणारी माणसे एक-तृतीयांशाने वाढू शकतात. बाराची पंधरा झाली, की त्यात आणखी एक-चतुर्थांशाची भर पडते. जिन्याची रुंदी मात्र आपोआप वाढत नाही. दोन गाड्यांमधील अंतर कमी केले, तर आधीच्या गाडीचे प्रवासी जिना ओलांडण्यापूर्वीच पुढच्या गाडीचे प्रवासी त्यांच्या पाठीशी येऊन उभे राहतात. म्हणजे डबे व फेऱ्या वाढविणे हा उपाय, जिना व पूल यांचा विचार सोडून दिला असता, स्वतःच धोक्याचे कारण ठरतो. आपल्याकडील नियोजनाच्या भाषेत डब्यांना ‘क्षमता’ म्हणतात व जिन्याला ‘सुविधा’. ही शब्दयोजना निरुपद्रवी वाटते, पण निधीचा क्रम तीच ठरविते.

पुलांच्या मालकीचा प्रश्न तर अधिकच गुंतागुंतीचा आहे. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल कोसळला व त्यात बळी गेले. पूल महापालिकेचा, त्यावरील वर्दळ रेल्वेची. साहजिकच पहिले काही तास जबाबदारी कोणाची याच वादात गेले. उपनगरीय रेल्वे केंद्र शासनाकडे, बससेवा महापालिकांच्या उपक्रमांकडे, मेट्रो राज्याच्या यंत्रणांकडे. स्थानकाबाहेरचे प्रांगण या साऱ्यांच्या सीमारेषेवर येते आणि म्हणूनच ते कोणाचेच नसते.

याउलट नवी मुंबईचा अनुभव काहीसा वेगळा आहे. मानखुर्द ते वाशी मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला, त्याच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा सिडकोने उचलला आणि स्थानकांची आखणी शहराच्या आखणीबरोबरच झाली. प्रशस्त प्रांगण, रुळांखालून आरपार जाणारे मार्ग, रिक्षा व बस यांसाठी राखलेली जागा ही त्या स्थानकांची वैशिष्ट्ये होत. अर्थात सिडकोची स्थापना १९७० ची आणि रेल्वे आली बावीस वर्षांनी, हे विसरता येत नाही. तोवर तेथे राहायला गेलेल्यांनी खाडीपूल बसनेच ओलांडला. शिवाय या प्रशस्त प्रांगणांतून पुढे जाणारी बस वेळेवर मिळतेच असेही नाही. तरीही जागा आधी राखली, तर चूक पुढे दुरुस्त करता येते, एवढे तरी या प्रयोगाने दाखवून दिले.

जेथे अशी जागा राखली गेली नाही तेथे शेअर रिक्षाने पोकळी भरून काढली. डोंबिवली, कल्याण, मुंब्रा, नालासोपारा येथील लक्षावधी प्रवाशांसाठी रेल्वेला जोडणारी स्थानिक वाहतूक म्हणजे व्यवहारतः तीच. नियोजनाच्या अहवालांत मात्र तिची नोंद प्रायः ‘वाहतूक कोंडीचे कारण’ अशी होते. ही मोठीच विसंगती म्हणावी लागेल. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास घेणाऱ्याला रेल्वेच्या महिन्याच्या खर्चापेक्षा शेअर रिक्षाचा खर्च पुष्कळदा अधिक पडतो. म्हणजे स्वस्त रेल्वेचा लाभ स्थानकाबाहेरच्या दोन किलोमीटरांत बराचसा खर्ची पडतो. रात्री उशिरा परतणाऱ्या स्त्रीसाठी तर ही केवळ पैशांची बाब नसते.

मेट्रोच्या आगमनाने चित्र बदलले, परंतु सांध्याचा प्रश्न सुटला नाही. जून २०१४ मध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मार्ग सुरू होताच पूर्व-पश्चिम प्रवास सुलभ झाला आणि त्याच दिवसापासून घाटकोपर स्थानकाच्या पुलांवर नवा भार आला. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णत्वास गेली. त्याच सुमारास रेल्वे, मेट्रो व बस यांसाठी एकच तिकीट देणारे ‘मुंबई वन’ अ‍ॅपही सुरू झाले. त्याचे स्वागतच करावयास हवे. परंतु ज्या बेस्टकडे एकेकाळी चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या, तिचा ताफा तीन हजारांच्या खाली आला आहे आणि मे २०२५ मध्ये तिचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. बसच कमी असेल, तर तिचे तिकीट मोबाइलवर मिळाले काय नि वाहकाकडून मिळाले काय?

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस उभारलेला ‘सॅटिस’ हा उन्नत बसमार्ग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. बसगाड्या वरच्या पातळीवर थेट पादचारी पुलाशी येतात व रिक्षा खाली राहतात. गर्दी संपली असे नव्हे, पण बस गाठण्यासाठी रस्ता ओलांडावा लागत नाही. पूर्वेकडील याच स्वरूपाचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. त्याच ठाण्यात कल्याणकडून वाशीला जाणारा प्रवासी गाडी बदलण्यासाठी रोज पूल चढतो-उतरतो. त्याचा हा फेरा वाचविण्यासाठी ऐरोली–कळवा जोडमार्ग आखला गेला. त्यातील दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. कळव्याकडील उन्नत मार्ग तेथील वस्तीच्या पुनर्वसनापाशी अडून राहिला.