गाणं संपेपर्यंत फौजी तयार

हिंदी सिनेमात सैनिक तयार व्हायला एक गाणं लागतं. गाणं सुरू होतं तेव्हा नायक दोरावरून घसरतो, चिखलात तोंडावर पडतो, सगळ्यांच्या मागे धापा टाकत धावतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत तो घोळक्याच्या मधोमध आलेला असतो. गाणं संपतं तेव्हा सगळ्यांच्या पुढे. ‘लक्ष्य’ (२००४) पाहिलेल्यांना कुठलं गाणं ते सांगायला नको. आमच्या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात पहाटे अंधारात डांबरी रस्त्याने पळणाऱ्या पोरांच्या कानात आजही हेच गाणं असतं. मलाही ते आवडतं. तरी माझं त्याच्याशी भांडण आहे.

अनेक महिन्यांचा काळ छोट्या छोट्या दृश्यांच्या माळेत गुंडाळायच्या युक्तीला माँटाज म्हणतात. प्रेमात पडणं, श्रीमंत होणं, मुलं मोठी होणं, सगळं त्यात बसतं. पण लष्करी प्रशिक्षण ही अशी गोष्ट आहे की जिचा कच्चा मालच वेळ आहे. तीच हालचाल पाचशे वेळा, तोच बूट रोज रात्री पॉलिश, तीच रायफल रोज खोलायची, पुसायची, जोडायची. तो वेळ कापून टाकला की उरतं काय? घाम आणि चढणारं संगीत. माणूस कसा बदलला ते आपल्याला दिसत नाही, तो बदलला एवढी बातमी मात्र कळते.

‘लक्ष्य’चा करण शेरगिल दिल्लीच्या सुखवस्तू घरातला, काय करायचं ते न कळणारा पदवीधर. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत जातो, शिक्षेला कंटाळून पळून घरी येतो, मैत्रीण त्याला सोडते आणि मग तो परत जातो. त्याच्यासारख्या पदवीधर उमेदवाराचं तिथलं प्रशिक्षण दीड वर्षाचं असतं. फरहान अख्तरने पळून जाण्याचा भाग शांतपणे, वेळ देऊन चित्रित केलाय, आणि माझ्या मते सिनेमातला तो सर्वांत खरा भाग आहे. हृतिकच्या चेहऱ्यावर तिथे शौर्य नाही, ओशाळलेपण आहे. पण तो परतला की सिनेमा घाई करतो. ज्या शिक्षेपायी तो पळाला होता तीच शिक्षा आता तो सहन करतो, ती कशाच्या बळावर? सिनेमाचं उत्तर : जिद्द. म्हणजे प्रशिक्षणाने काही केलंच नाही, जे केलं ते प्रेमभंगाने!

आणि करणला पळून जाता येतं, कारण परत जायला घर आहे, वडिलांचा पैसा आहे. या सिनेमातलं माझं सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य कुणी बोलतच नाही, ते पटकथेत गृहीत धरलेलं आहे : फौज हा निवडण्याचा पर्याय आहे. महाराष्ट्रातून जी पोरं शिपाई म्हणून भरती होतात त्यांतल्या बहुतेकांसाठी तो तसा नसतो. तालुक्याच्या गावी पत्र्याच्या शेडमधल्या ‘करिअर अकॅडमी’त महिनोन्‌महिने राहून ती तयारी करतात. भरतीच्या मैदानावर अनेक वर्षं गणित साधं होतं : १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळालात तर ६० गुण, दहा पुलअप्सना ४०, शिवाय नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा आणि वाकड्यातिकड्या फळीवरून तोल सांभाळत जायचं. साडेपाच मिनिटं. गाण्याइतकाच वेळ. पण त्यावर दोन-तीन वर्षांचं आयुष्य टांगलेलं, आणि कुठल्याही मोठ्या हिंदी सिनेमाला तो प्रसंग मध्यवर्ती ठेवावासा वाटलेला नाही.

आपले फौजी सिनेमे बहुतेक अफसरांचे आहेत. १९८९ सालची दूरदर्शनवरची ‘फौजी’ मालिका, जिच्यातून शाहरुख खान घराघरांत पोचला, तीही तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचीच. मराठी पुस्तकांचंही तेच. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांची ‘डोमेल ते कारगिल’ आणि ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ ही मी अत्यंत आदराने वाचलेली पुस्तकं, पण ती युद्धाची आहेत. शिपायाच्या बराकीत शिरणारं लेखन आपल्याकडे फार कमी. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जिथून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत, त्या जिल्ह्याची ही अवस्था. ‘लागिरं झालं जी’ने (२०१७) निदान फौजेत जायचं वेड असलेल्या गावच्या पोराला, अज्याला, नायक केलं. त्याबद्दल मी त्या मालिकेला बरंच काही माफ करते. पण तिचा जीव शेवटी अज्या-शीतलीत, बराकीत नाही.

अपवाद एकच आणि तो जुना. नाना पाटेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘प्रहार’ (१९९१). तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याचे तुकडेच पाहिले असतील, नानांचं एखादं भाषण, बस्स. पूर्ण पाहा. पूर्वार्धाचा मोठा भाग कमांडो प्रशिक्षणाला दिलाय. इथे मेजर चव्हाण पोरांना घडवतो म्हणजे मोडतो. पीटर डिसोझा (गौतम जोगळेकर) हा मुंबईतल्या बेकरीवाल्याचा मुलगा बापाच्या मनाविरुद्ध आलेला, आणि मेजर त्याला कसलीही सवलत देत नाही. नानांनी या भूमिकेसाठी खऱ्या जवानांसोबत प्रशिक्षण घेतलं होतं, ते दिसतं. त्यांच्या पवित्र्यात नटाचा दिमाख नाही, सवय झालेल्या शरीराचा कोरडेपणा आहे.

‘प्रहार’चं खरं धाडस मात्र पुढे आहे. तो प्रशिक्षण संपल्यावर थांबत नाही. पीटर एका कारवाईत पाय गमावतो, फौजेतून बाहेर पडतो आणि मुंबईला, बेकरीत परत येतो. त्याच्या लग्नाचं निमंत्रण मिळून मेजर पोचतो तेव्हा कळतं, हप्ता द्यायला नकार दिला म्हणून गल्लीतल्या गुंडांनी त्याला मारलं. एवढं कठोर शिक्षण घेतलेला हा मुलगा, आणि फाटकाबाहेर त्यातलं काहीच कामाला आलं नाही. हबीब तन्वीर पीटरच्या बापाच्या भूमिकेत आहेत. मुलाला फौजेत जाऊ नको म्हणणारा, आणि मुलाला फौजेने नव्हे तर स्वतःच्या गल्लीनेच मारलेलं पाहणारा बाप. हिंदी सिनेमाने सैनिकाच्या घराविषयी याहून खरं काही दाखवल्याचं मला आठवत नाही.

मग सिनेमा चुकतो. समाज सडलाय तर समाजालाच बराक करा, असा निष्कर्ष तो काढतो. मेजर गुंडांना मारतो, त्याला वेडा ठरवलं जातं, आणि शेवटी त्याच्या मनातलं दृश्य : उघडी लहान मुलं तुकडीने धावतायत, मेजर त्यांना पळवतोय. दिग्दर्शकाला ती आशा वाटते. माझ्या अंगावर काटा येतो. ज्या पोरांना अजून शाळेत भांडायचंय त्यांच्याकडून आत्ताच शिस्त उसनी घेणारी ही आशा! पण निदान ‘प्रहार’ला प्रश्न पडलाय की प्रशिक्षणाचं पुढे काय होतं. इतरांना तो पडतही नाही.

इथे ‘फुल मेटल जॅकेट’चं (१९८७) नाव घ्यावंच लागतं, कारण माझ्या पिढीने लष्करी प्रशिक्षणाविषयी जे काही पाहिलंय त्यात सार्जंट हार्टमनच्या शिव्यांचे रील्स पहिल्या क्रमांकावर असावेत. विनोद म्हणून फिरतात ते. ही भूमिका करणारा ली एर्मी स्वतः अमेरिकन मरीन्समध्ये ड्रिल इन्स्ट्रक्टर होता आणि आधी या सिनेमाचा फक्त तांत्रिक सल्लागार होता. म्हणून ती वाक्यं इतकी सफाईने सुटतात. पण कुब्रिकने ती तीस सेकंदांसाठी लिहून घेतली नव्हती. पहिला अर्धा सिनेमा पॅरिस आयलंडच्या बराकीतून बाहेर पडत नाही. पलंगांच्या दोन सरळ रांगा, मधून मागे मागे सरकणारा कॅमेरा, तोच आवाज, तीच चमकती फरशी. थोड्या वेळाने शिव्यांचं हसू येईनासं होतं, आणि हेच दिग्दर्शकाला हवंय. रीलमध्ये नेमकं हे कापलं जातं. गाणं जे करतं तेच रीलही करते, वेळ पळवून नेते. लठ्ठ, हळू ‘पाईल’मुळे सगळ्यांना शिक्षा होऊ लागते, मग एका रात्री सगळे मिळून टॉवेलमध्ये साबण गुंडाळून त्याला बडवतात. त्याचं टोक ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांना सांगत नाही.

माझा चुलतभाऊ २०२३ मध्ये अग्निवीर म्हणून भरती झाला. सुट्टीवर आला असताना आम्ही दोघांनी मिळून हा सिनेमा पाहिला. मला वाटलं, हार्टमनवर काहीतरी बोलेल. त्याचं लक्ष भलतीकडेच. ‘‘बेड बरोबर लावलेत बघ.’’ उस्ताद (प्रशिक्षकाला तिथे हेच म्हणतात) असे शिव्या देतात का, विचारलं तर खांदे उडवले. ‘‘ताई, पळायला काय, गावात पण पळतच होतो की. तिथं थांबायला शिकलो.’’ म्हणजे काय, तर फॉलिन सहाचं असेल तर पावणेसहाला उभं. लंगरसमोर मग आणि ताट घेऊन उभं. न्हाव्यासाठी उभं, इंजेक्शनसाठी उभं, फोन आठवड्यात एकदा मिळायचा त्यासाठी उभं. चुकलं की रगडा, आणि तो बऱ्याचदा चुकणाऱ्या एकट्याला नाही. पाईलला मारण्याच्या दृश्यावर तो गप्प होता. नंतर एवढंच म्हणाला, ‘‘आमच्यात लाइट बंद झाल्यावर कोण ना कोण रडायचं. सकाळी कुणी विचारायचं नाही.’’

त्याच्या बोलण्यातली आणखी एक गोष्ट मला कुठल्याच सिनेमात सापडली नाही : भाषा. हिंदी सिनेमात सगळे आधीपासून हिंदीच बोलतात, त्यामुळे मराठी, तमिळ, खासी बोलणारा पोरगा पहिल्या महिन्यात हुकूम समजून घ्यायला केवढा झगडतो ते पडद्यावर येतच नाही. सावधान-विश्राम आपल्याला शाळेच्या मैदानावरून माहीत असतं. पण ‘फटीग’ म्हणजे सफाई आणि हमालीची कामं, ‘पिट्टू’ म्हणजे पाठीवरचं ओझं, हे तिथेच कळतं. आता तो काकूलाही फोनवर ‘ठीक है’ म्हणतो आणि तिला ते लागतं.

स्त्रियांबद्दल एक परिच्छेद तरी हवाच, पण साहित्य तुटपुंजं आहे. ‘गुंजन सक्सेना’ (२०२०) या सिनेमाच्या चित्रणावर हवाई दलाने लेखी हरकत घेतली होती आणि तथ्यांपुरती ती समजण्यासारखी आहे. तरी त्यातला कपडे बदलायला खोलीच नसल्याचा प्रसंग मला मोलाचा वाटतो, कारण तिथे अडचण जिद्दीची नाही, इमारतीची आहे. एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यांच्यावर सिनेमा येईलच, आणि मला भीती आहे की त्यातही गाणं असेल.

आता अग्निपथमुळे ही जुनी पटकथा आणखीच अपुरी पडते. योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली : प्रशिक्षण धरून चार वर्षं सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होणार, बाकीचे साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. घडणं, मग सीमा, मग शौर्य किंवा तिरंग्यात परत येणं, असा आपल्या फौजी सिनेमाचा आराखडा. त्यात घडलेल्या चारांपैकी तिघं विशीतच धडधाकट घरी परततात, याला जागाच नाही. योजना बरी की वाईट यावर घरात आमचे वाद होतात, काका एका बाजूला आणि मी दुसऱ्या. पण गोष्ट म्हणून तिच्याकडे पाहायला अजून कुणी बसलेलं दिसत नाही.

मला तो सिनेमा पाहायचाय. पहिल्या अर्ध्यात भरतीच्या मैदानावरची साडेपाच मिनिटं न कापता, बराकीतलं थांबणं, पुसून पुसून गुळगुळीत झालेली रायफल, तुटक्या हिंदीतला फोन. मध्यंतराला मिरज जंक्शनवर, पांढऱ्या रंगात नाव लिहिलेली काळी ट्रंक उतरवणारा बावीस वर्षांचा पोरगा. आणि मग, पीटर डिसोझाच्या बेकरीसारखा, गावातला उरलेला अर्धा सिनेमा.