‘सैराट’च्या अलीकडे, पलीकडे

फर्दापूरच्या टी पॉइंटवर कोणालाही विचारा, अजय-अतुलचा सगळ्यात भारी अल्बम कोणता? उत्तर येईल ‘सैराट’. माझं उत्तर ‘जोगवा’ आहे, आणि त्यावरून अजिंठ्याच्या पायथ्याशी भांडायला माझी तयारी आहे.

या भावांची ओळख मला ‘विश्वविनायक’च्या कॅसेटमधून झाली. एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांचे आवाज, संस्कृत शब्द, मागे भरगच्च वाद्यमेळ. मोठ्या नादाची हौस यांना पहिल्यापासूनच. कॅसेट पुढे ढकलणं कटकटीचं, म्हणून न आवडलेलं गाणंही ऐकावं लागे आणि आठवड्याभरात तेच आवडू लागे. पुढे मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं, तेव्हा ही सोय गेली. कार्डात अल्बम नसतो, नुसती गाणी असतात.

२००४ चा ‘अगं बाई अरेच्चा!’ आणि २००६ चा ‘जत्रा’ या दोन्हींत त्यांनी जागरण-गोंधळाचा ठेका वरातीपर्यंत आणला. ‘जत्रा’तल्या ‘कोंबडी पळाली’ची चाल २०१२ साली ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली. आमच्याकडे त्याचा अभिमानच वाटला. मला मात्र आनंद शिंदेंच्या आवाजातला खरखरीत खट्याळपणा हिंदीत सापडला नाही.

मग ‘जोगवा’. राजन गवस यांच्या लेखनावर बेतलेला, राजीव पाटील यांचा चित्रपट. गीतं संजय कृष्णाजी पाटील यांची. ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संगीत दिग्दर्शनासह हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही ‘जीव रंगला’साठी पुरस्कार मिळाले. पण पुरस्कार बाजूला ठेवू. या अल्बममध्ये वाद्यं कमी नाहीत, तरी ती गाणाऱ्याच्या पुढे धावत नाहीत. चौंडकं-तुणतुण्याच्या जगातली माणसं त्यात स्वतःच्या सुरात बोलतात. भक्ती, सक्ती आणि देहाची ओढ एकाच चालीत मावते. अजयचा आवाज फाटायच्या बेतात येतो आणि तिथेच थांबतो. ते थांबणं मला फार मोलाचं वाटतं. १ जानेवारी २०१० ला आलेल्या ‘नटरंग’मध्ये गुरू ठाकूर यांच्या शब्दांवर, बेला शेंडेच्या लावण्यांत तो तोल आहेच. ‘खेळ मांडला’त वाद्यमेळ उसळतो, पण नायकाचं, गुणाचं, जगच कोसळलेलं असतं, म्हणून ते उसळणं पटतं.

‘सैराट’वर अन्याय करायचा नाही. २०१६ च्या त्या चार गाण्यांसाठी लॉस एंजेलिसला सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला. करमाळ्याकडच्या कोळ्याच्या पोराच्या प्रेमाला श्रीमंताघरच्या प्रेमाएवढाच, किंबहुना मोठा, स्वर मिळाला. तिथे भव्यता ही दिग्दर्शकाची आणि संगीतकारांची भूमिका होती. नागराज मंजुळेंच्या चित्रपटाला ती हवीच होती.

अडचण नंतरची. भूमिका होती तिची सवय झाली. ‘चंद्रमुखी’तली (२०२२) लावणी घोटीव आहे, श्रेया घोषाल चुकतच नाही, पण फडाची धूळ तिला लागत नाही. ‘महाराष्ट्र शाहीर’मध्ये (२०२३) शाहीर साबळ्यांचा डफ जवळ असूनही माझा कान व्हायोलिनांच्या गर्दीत अडकतो. दोष एकट्या त्यांचा नाही. लग्नातल्या डीजेला दणका हवा, रीलवाल्यांना अर्ध्या मिनिटाचा तुकडा हवा. अशा बाजारात तिसऱ्या कडव्यावर मेहनत कोण घेणार? फर्दापूरच्या वरातींत ‘झिंगाट’ मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यातला ढोल तेवढा कळतो, चाल कळत नाही. तरी त्या वरातींत नाचलोही आहे. चाहत्याची निष्ठा अशीच दुटप्पी असते.

नवा अल्बम आला की मी पहिल्याच दिवशी ऐकतो, पुढेही ऐकेन. मागणी एवढीच: अजयराव, अतुलराव, पुढच्या खेपेला एखाद्या गाण्यापुरती व्हायोलिनवाल्यांना सुट्टी द्या.