वेदना, विद्रोह, नकार, आणि पाठपुरावा

दलित साहित्याच्या समीक्षेने आपल्याला तीन शब्द दिले : वेदना, विद्रोह आणि नकार. या शब्दांवर आमची परीक्षेची उत्तरे उभी राहिली, प्रबंध उभे राहिले. माझ्यासारख्या घरातल्या पहिल्या पदवीधराला महाविद्यालयातली नोकरी मिळाली तीही याच शब्दांच्या आधाराने. त्यांचे ऋण मी मानतो. पण हे तिन्ही शब्द क्षणाचे आहेत. घाव बसतो तो एक क्षण, माणूस पेटून उठतो तो एक क्षण आणि तो 'नाही' म्हणतो तोही एक क्षणच. त्या क्षणानंतरच्या वर्षांचे काय? अत्याचारानंतर मागे उरलेली माणसे साक्ष देतात, तारखेला जातात, पुढची तारीख घेऊन परत येतात आणि पुन्हा जातात. याला पाठपुरावा म्हणतात. शब्द कचेरीतला आहे, म्हणून समीक्षेने तो आपल्या उंबऱ्याच्या आत घेतलेला नाही. ही उणीव मला एका माहितीपटाने दाखवली. त्याच्या निमित्ताने काही बोलायचे आहे.

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' २०११ साली पुरा झाला. त्याची सुरुवात घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आहे. ११ जुलै १९९७ च्या सकाळी तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली, अनेक जखमी झाली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात गळफास घेतला. १९८५ च्या 'हमारा शहर' या चित्रपटात पटवर्धनांनी ज्यांचे गाणे टिपले होते, तेच हे शाहीर. गाणारा माणूस का गेला, या प्रश्नाने निघालेला कॅमेरा चौदा वर्षे फिरत राहिला.

पुढचा तपशील सर्वांना पाठ असावा असा आहे. न्यायमूर्ती गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला गेला. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा बचाव आयोगाने मानला नाही. गोळीबार समर्थनीय नव्हता असे म्हटले आणि तुकडीचे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरले. त्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप झाली ती मे २००९ मध्ये. म्हणजे गोळीबाराला बारा वर्षे होत आली तेव्हा. त्यानंतर उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

हा चित्रपट आम्ही काही मित्रांनी आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर दाखवला. आरे ही मुंबईला दूध पुरवण्यासाठी १९४९ साली सरकारने वसवलेली दूध वसाहत. पण तबेले येण्याआधीपासून इथे वारली आदिवासींचे पाडे आहेत. चित्रपट तीन तासांहून मोठा. पहाटे कामाला जाणारे निम्म्यातच उठतील असे वाटले होते. फार थोडे उठले. नंतर बोलताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे लोक तेच तेच पुन्हा का सांगतात?" मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "अरे, कोर्टानं एकदा ऐकून घेतलं असतं तर कशाला सांगितलं असतं पुन्हा?"

हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडायला सुरुवात झाली, तेव्हा विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थी होते. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पडलेले झाड आणि मेलेला माणूस यांची तुलना मी करत नाही. पण घटना एका रात्रीत संपते आणि खटला संपत नाही, एवढे इथल्या पोरांना ठाऊक झाले आहे.

मावशींच्या त्या वाक्यात मला एक साहित्यविचार दिसतो. प्रस्थापित समीक्षेला पुनरुक्ती हा दोष वाटतो. दलित आत्मकथनांवर 'तेच ते' हा शेरा किती वेळा मारला गेला! परंतु साक्षीची पुनरुक्ती हा शैलीचा दोष नव्हे. ऐकणाऱ्याच्या बहिरेपणाची ती नोंद आहे. आणि करुणरसाचे शास्त्र इथे उपयोगी पडत नाही, कारण त्या शास्त्रात मन मोकळे होते ते प्रेक्षकाचे. तो रडतो, हलका होतो, घरी जातो. ज्याचे माणूस मेले त्याला काय मिळाले, हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही.

मग त्याचे दुःख हलके कशाने होते? रमाबाई नगरात दर वर्षी ११ जुलैला लोक स्मारकापाशी जमतात. तिथे मूल गमावलेल्या बाईला आपले दुःख समजावून सांगावे लागत नाही. शेजारी उभी असलेली बाईही त्यातूनच गेलेली असते. ही जमण्याची क्रिया म्हणजे शोक आहे आणि ती मागणीही आहे. दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. 'झाले ते विसरा, सावरा' असे सांगणारे आणि 'अश्रू पुसा, लढा' असे सांगणारे, दोघेही ही गाठ सोडवायला जातात. या लोकांनी ती सोडवली नाही, म्हणून तर ते टिकले.

एकट्याने पाठपुरावा करणे म्हणजे काय, हे भैयालाल भोतमांगे यांच्याकडे पाहून कळते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत त्यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. घरात ते एकटे उरले. मोर्चे निघाले, मोठा आवाज झाला. पण खालच्या न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही, २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही लावला नाही, आणि अपील सर्वोच्च न्यायालयात पडून असतानाच जानेवारी २०१७ मध्ये भोतमांगे वारले. मोर्चा विद्रोहाचा असतो. तो संपल्यावर तारखेला सोबत कोण जाते, हा बांधिलकीचा खरा प्रश्न आहे.

इथेच 'जय भीम कॉम्रेड'बद्दल माझी तक्रार आहे. त्याचे मोठेपण त्याच्या चिकाटीत आहे. तो स्वतःच एक पाठपुरावा आहे. तरीही त्याचा जीव गाणाऱ्यांत गुंतलेला आहे. घोगऱ्यांकडून तो पुण्याच्या कबीर कला मंचाच्या तरुण शाहिरांकडे जातो आणि ते दर्शन विलक्षण आहे. पण त्या ओघात मृतांची घरे मागे पडतात. बुडालेला रोज, कोर्टाच्या बाकावर गेलेला दिवस, एकमेकींना धरून काढलेली वर्षे यांना गाण्याइतकी जागा मिळत नाही. कलावंताला विद्रोहाचा आवाज ऐकू येतो, पाठपुराव्याची शांतता तेवढी ऐकू येत नाही. पटवर्धनांसारख्या जागरूक कलावंताचेही असे होते, तर आमच्या कवींचे आणि समीक्षकांचे काय सांगावे?

यामागे कायद्याचीही रचना आहे. फौजदारी खटला सरकार चालवते. ज्याच्यावर घाव झाला तो फक्त साक्षीदार. गोळीच सरकारी बंदुकीतून सुटली असेल तर? मग आरोपी सरकारी नोकर, तपास करणारे सरकारी नोकर आणि फिर्याद चालवणारेही सरकार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली गुन्ह्याचे आणि सत्तेच्या दुरुपयोगाचे बळी यांच्यासाठी जाहीरनामा केला, तो याचसाठी. आपल्याकडे २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात १५ अ हे कलम आले. अत्याचारग्रस्ताला जामिनाच्या सुनावणीचीसुद्धा सूचना मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, असे ते सांगते. हे मोठे पाऊल आहे. पण ते त्या कायद्याखालच्या खटल्यांपुरते आहे. पोलिसांच्या गोळीबारात घरचे माणूस गेलेल्यांनाही हा हक्क असला पाहिजे. प्रत्येक अत्याचारानंतर 'फाशी द्या' अशी आरोळी उठते. मला त्या आरोळीपेक्षा 'आम्हाला ऐका' ही मागणी अधिक क्रांतिकारक वाटते.

यात शिक्षकाचे काम काय, असे कुणी विचारील. गडचिरोलीकडच्या एका आदिवासी मुलीवर १९७२ साली पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार अध्यापकांनी तो निकाल वाचून सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तिला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही, हेही विसरता कामा नये. तिच्या वाट्याला एकटेपण आले आणि पुढच्यांच्या वाट्याला कायदा.

मराठीत वाचणे म्हणजे जिवंत उरणे, आणि वाचणे म्हणजे अक्षर वाचणेही. जे उरले त्यांच्यासोबत बसून निकाल, साक्षी आणि आयोगाचे अहवाल वाचणे, हे आता आमचे काम मानले पाहिजे. आत्मकथनाशेजारी साक्षीचा कागद ठेवा आणि विद्यार्थ्यांना विचारा : यात कोण बोलते आहे, कुणाचे बोलणे लिहून घेतलेले नाही, आणि ते वगळले कुणी? या प्रश्नांची उत्तरे शोधणारी समीक्षा तयार झाली, तर वेदना, विद्रोह आणि नकार यांच्या पंक्तीला पाठपुरावा हा शब्द मानाने बसेल. तोपर्यंत दर ११ जुलैला घाटकोपरला जमणारी माणसे आमच्या समीक्षेच्या पुढेच राहतील.