सोसणे आणि सांगणे : ‘स्मृतिचित्रे’तील धीराचे स्वरूप

मराठीत ‘सोशिकपणा’ आणि ‘धीर’ हे शब्द जवळचे वाटले तरी त्यांची सांस्कृतिक कुळे भिन्न आहेत. सोशिकपणा हा बहुधा स्त्रीला, त्यातही सुनेला, बहाल केलेला गुण. त्यात मौन गृहीत असते. नव्या करारातील ज्या ग्रीक संज्ञेसाठी मराठी शास्त्रात ‘धीर’ हा शब्द रूढ झाला, तिचा धात्वर्थ मात्र ‘भाराखाली टिकून राहणे’ असा आहे. टिकून राहणाऱ्याने गप्प बसावे, अशी अट त्यात नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची चर्चा करताना हा भेद पुसला जातो आणि एका असामान्य आत्मकथनाला पतिपरायणतेच्या गौरवग्रंथाचे रूप येते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात, या पुत्राच्या मागणीतून हे लेखन सुरू झाले आणि 1934 पासून ते भागशः ग्रंथरूपात आले. म्हणजे निवेदिका येथे मुळात साक्षीदार म्हणून पाचारण केलेली आहे. परंतु साक्ष देता देता ती स्वतःच कथनाच्या केंद्रस्थानी येते. टिळकांचा संताप, न सांगता घर सोडून जाणे, हातात पैसा न टिकणे यांतले काहीही ती झाकत नाही. त्याचबरोबर आरोपपत्राचा सूरही लावत नाही. ‘निर्मळ विनोद’ म्हणून या शैलीची पुष्कळ वाखाणणी झाली आहे. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. या विनोदामुळे तक्रार नाहीशी होत नाही. ती बोलून दाखवण्याजोगी होते.

खरा पेच 1895 च्या प्रसंगात आहे. त्या वर्षी 10 फेब्रुवारीला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची काही वर्षे लक्ष्मीबाई पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरात राहिल्या. ख्रिस्ती विचारानुसार ‘परीक्षा’ म्हणजे विश्वासाखातर विश्वासणाऱ्यावर आलेले संकट. येथे विश्वास पतीचा आणि संकट पत्नीवर, अशी विभागणी झाली आहे. त्या तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. त्यांचे दुःख ख्रिस्तासाठीचे नव्हते, ते ख्रिस्ती झालेल्या माणसामुळे आलेले होते. या काळातील त्यांच्या सोसण्याला ‘ख्रिस्ती सहनशीलता’ म्हणणे हा केवळ कालविपर्यास नाही. त्या नावाखाली दुःख देणाऱ्याची जबाबदारी अलगद ईश्वरी योजनेकडे वळती होते. धर्मांतरकथेचे वाचन करणाऱ्या समीक्षेने या ठिकाणी थबकायला हवे होते.

मग या ग्रंथात ख्रिस्ती धीर आहे कुठे? तो घडलेल्या प्रसंगांत शोधण्यापेक्षा ते सांगण्याच्या रीतीत शोधावा लागतो. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी पतीकडे परतूनही सोवळे सांभाळण्याची त्यांची धडपड चालू होती. सोवळ्याच्या वेडाची कथा ग्रंथारंभीच येते : 1857 च्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी, आणि वडिलांच्या घरातील धुण्या-विटाळाचा जाच. त्यामुळे जातिभेद माणसांनी निर्माण केले आहेत, या निष्कर्षाशी त्या पोहोचतात तेव्हा पतीच्या उपदेशापुढे त्यांनी हार मानली, असे वाटत नाही. बालपणापासून अंगावर वागवलेले एक ओझे त्यांनी आपल्या हाताने उतरवलेले असते. या क्षमतेतूनच पुढे पतीच्या दोषांसह त्याची आठवण लिहिणे शक्य झाले असावे. क्षमा करायची, पण घडलेले पुसायचे नाही, ही या निवेदनाची नीती आहे.

अशा धीराला बायबलमध्येच आधार आहे. ईयोबाची सहनशीलता प्रवचनांत दृष्टान्तासारखी वापरली जाते. प्रत्यक्ष ग्रंथात ईयोब मोठ्या विस्ताराने वाद घालतो, देवालाच जाब विचारतो, आणि अखेरीस दोष लागतो तो त्याच्या समजूतदार मित्रांना. लक्ष्मीबाईंचे आप्त त्या मित्रांच्याच कुळातले.

नंदुरबार जिल्ह्यात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना आणखी एक प्रश्न उभा राहतो. 1998 पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग असलेल्या या मुलखात, नवापूर-चिंचपाड्याच्या परिसरात मावची व भिली बोलणारे ख्रिस्ती समूह आहेत. त्यांच्यापाशी टाकायला सोवळे नव्हते. ऊसतोडीसाठी गुजरातेकडे होणारे स्थलांतर, सिकलसेलचा आजार, अक्कलकुवा-अक्राणीत सरदार सरोवराने उठवलेली गावे हे या जिल्ह्यातील आदिवासींचे भोग आहेत. त्यांना ‘परीक्षा’ म्हणणारा उपदेशक ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीत जाऊन बसतो, कारण यांतल्या बऱ्याच दुःखांना माणसांचे निर्णय कारण आहेत. उपासनेत उठून ‘साक्ष’ देण्याची प्रथा मंडळ्यांत आहे. त्या साक्षीत सोसणे कोणत्या क्रियापदांनी सांगितले जाते, तक्रारीला कितपत जागा मिळते, हसू कुठे येते, याची नोंद मराठी समीक्षेने जवळजवळ घेतलेली नाही. ‘मराठी ख्रिस्ती साहित्य’ या संज्ञेची हद्द आपण गोवा, वसई, नाशिक आणि नगर यांच्यापुढे फारशी नेली नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण भाषेचे : मावचीतली साक्ष प्रमाण मराठीत उतरवली की ‘धीर’ आणि ‘सोशिकपणा’ यांतला निवड करणारा हात साक्षीदाराचा राहत नाही, तो लिहून घेणाऱ्याचा होतो.