कीबोर्डवरचं रक्त

ऑफिसात श्रेडरमध्ये कागद सारणारा एक कंटाळलेला माणूस किटकॅट उघडतो. आत चॉकलेटऐवजी ओरांगउटानचं केसाळ बोट. त्याला पत्ताच नाही, तो कचकन चावतो. रक्त कीबोर्डवर ठिबकतं. ग्रीनपीसची २०१० मधली ही मिनिटभराची फिल्म. इंडोनेशियातल्या जंगलतोडीचा आरोप असलेल्या सिनार मास समूहाचं पाम तेल नेस्लेच्या मालात येतं, हा मुद्दा. नेस्लेने कॉपीराइटचं कारण देऊन ती यूट्यूबवरून उतरवली. व्हायचं तेच झालं, ती आणखी पसरली. मे महिन्यात कंपनीला जंगलतोडीविरुद्धचं धोरण जाहीर करावं लागलं.

'रँग-टॅन' मात्र बहुतेकांना आवडते. २०१८ ची ॲनिमेशन फिल्म, एमा थॉम्प्सनचा आवाज. छोट्या मुलीच्या खोलीत ओरांगउटानचं पिल्लू शिरतं, जंगल कसं जाळलं ते सांगतं. आइसलँड या ब्रिटिश सुपरमार्केटने ती ख्रिसमसची जाहिरात म्हणून घेतली, पण राजकीय ठरून टीव्हीवर अडली.

मीही पाहताना रडलो. पण दुसऱ्यांदा पाहिल्यावर खटकलं. इथे प्रेक्षक मुलीच्या बाजूला, म्हणजे निरागस. दोष कुठल्यातरी यंत्रांचा. किटकॅटवाली फिल्म ओंगळ आहे, तरी मला तीच सरस वाटते, कारण चावणारा माणूस माझ्यासारखाच डेस्कवर बसलेला आहे.

दोन्हींत शेतकरी कुठेच नाही. इंडोनेशियातल्या पाम लागवडीचा मोठा हिस्सा छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. शिवाय एका हेक्टरात पाम सोयाबीनच्या कित्येक पट तेल देतो, त्यामुळे 'पाम बंद' म्हटलं की तेवढ्या तेलासाठी जास्त जमीन लागणार. नव्वद सेकंदांत हे सगळं मावणार नाही, मान्य. पण मग पिल्लाच्या डोळ्यांना दिलेली सेकंदं जरा जास्तच झाली.

आणि या दोन्ही फिल्म्सना एक ब्रँड लागतो, ज्याला लाज वाटेल असा. जगात सर्वाधिक पाम तेल आयात करणारा देश भारत. ते इथे बिस्किटांत असतं, पण हॉटेलच्या कढईतही असतं, आणि तिथे कुणाचं नाव घेणार? ही फिल्म मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा लॅपटॉपशेजारी नाक्यावरून आणलेली फरसाणाची पुडी होती. वर्तमानपत्राच्या कागदातली. तेल कागदातून झिरपून टेबलावर आलं होतं.