अपूर्ण तपास

दलित साहित्याच्या चर्चेत बालवाङ्मयाचा विषय निघाला की 'ते पुढे पाहू' असे उत्तर मिळते. मला हे पटत नाही. चोर कसा दिसतो हे पोर दहाव्या वर्षी शिकते. पुढे कितीही जाहीरनामे वाचले तरी ते सहजासहजी पुसले जात नाही. म्हणून येथे मी सत्यजित राय यांच्या फेलूदाविषयी लिहीत आहे.

फेलूदा म्हणजे कोलकात्याचा खासगी गुप्तहेर प्रदोष मित्तर. १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात तो प्रथम आला. त्याच्या कथा त्याचा चुलतभाऊ तोपशे सांगतो. 'सोनार केल्ला' (१९७१) मध्ये त्यांना 'जटायू' या टोपणनावाने रहस्यकथा लिहिणारे लालमोहन गांगुली भेटले आणि मालिकेत विनोदाची लहर आली. उंटाच्या शरीररचनेविषयी वाटेल ते ठोकून देणारे आणि फेलूदाने चूक दाखवताच ओशाळणारे हे गृहस्थ मुलांना फार आवडतात. १९९२ साली राय वारले तेव्हा ३५ कथा पूर्ण झाल्या होत्या. 'तोता रहस्य'सारखे काही खर्डे अर्धेच राहिले. नंतर ते तसेच छापले गेले. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे फेलूदा मराठी मुलांपर्यंत पोचला.

आमच्या वेरूळला घडणारी 'कैलाशे केलेंकारी' (१९७३) मी वर्गात सांगितली. पोरे रंगून गेली. शेवटी एकाने विचारले, "सर, यात आपल्यातलं कोण आहे?"

मी गप्प झालो. फेलूदाच्या घरी श्रीनाथ नावाचा नोकर आहे. तो चहा आणतो आणि आत जातो. इतक्या तपासांत त्याला कधी काही दिसले असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

तरी राय यांना न्याय दिला पाहिजे. त्यांचे गुन्हेगार बहुधा शिकलेले, पैसा बाळगून असलेले लोक आहेत. नोकर आहे म्हणून तोच चोर, असा सोपा हिशेब ते मांडत नाहीत. पहिल्याच कथेत दार्जिलिंगच्या राजेनबाबूंना धमकीची चिठ्ठी येते. पाठवणारा निघतो त्यांचा शाळासोबती. शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत राजेनने पाय आडवा घालून त्याला पाडले होते. पाडणारा विसरला, पडलेला विसरला नाही. हे वाचताना मी हललो. पण राय तेथेच थांबतात. शर्यत दोन बरोबरीच्या मुलांची आहे. ज्यांना मैदानातच येऊ दिले नाही त्यांच्या आठवणीचे काय, हा प्रश्न भद्रलोकांच्या दिवाणखान्यात उठत नाही.

माझ्या शाळेत एकदा मास्तरांचे पेन हरवले. आमच्या वस्तीतली आम्ही तिघे होतो. बाकीच्यांना बसवून ठेवले आणि आमची दप्तरे व्हरांड्यात उलटी केली. शिळी भाकरी सर्वांसमोर फरशीवर पडली. पेन सापडले नाही. पण 'यांच्यातल्याच कोणीतरी' हा निकाल वर्षभर कायम राहिला. तेथे ना धागादोरा होता, ना जबानी. निकाल आधी लागला होता, तपास नंतर झाला.

आमच्या वाट्याला हे वर्षभर आले; काही जमातींच्या पिढ्याच्या पिढ्या यात गेल्या. १८७१च्या कायद्याने इंग्रज सरकारने माणसांना जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो कायदा १९५२ साली गेला, पोलिसांची नजर गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) वाचा. ज्याला पकडतात त्याच्या बाजूने तपास कसा दिसतो ते कळते.

म्हणूनच राय यांचे अपूर्ण खर्डे मला वेगळे वाटले. एका बंगाली मित्राने ते मला वाचून, अर्थ लावून सांगितले. त्याला हळहळ वाटत होती. उत्तर मिळाले नाही म्हणून जाणकार वाचकाला रुखरुख लागणारच. मला मात्र त्या तुटलेल्या पानांवर थोडे सैल बसता आले. तेथे कोणीही अजून गुन्हेगार नाही. पुरावा यायचा आहे, आणि तो येईपर्यंत सगळे सारखेच संशयित, सगळे सारखेच निर्दोष. एवढी साधी समता आमच्या व्हरांड्यात नव्हती.

पण दुसऱ्याच्या अपूर्णतेत किती काळ समाधान मानायचे? त्या मुलाच्या प्रश्नाला राय यांच्याकडे उत्तर नाही, आणि ते त्यांच्याकडे मागण्यातही अर्थ नाही. आपल्यातल्या लिहित्या हातांनी मुलांसाठी रहस्यकथा लिहावी. त्यात विनोद असावा, जटायूसारखा गोड बावळट माणूसही असावा. फक्त या वेळी श्रीनाथने चहाचा ट्रे खाली ठेवावा, खुर्ची ओढून बसावे आणि आपण काय पाहिले ते सांगावे. ती कथा मी पुढच्या वर्षी वर्गात वाचू इच्छितो.